डांबऱ्याचा शमांक

“सॉरी मॅडम, सदतीस आलाय.”

काउंटरमागच्या मुलीने हे इतक्या मऊ आवाजात सांगितलं की ऋजुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी सहाला साताऱ्याहून निघालेली बाई दुपारी साडेचारला मेहकरच्या अलीकडे येऊन टेकते, कंबर मोडलेली असते, बरोबर नऊ वर्षांचा म्हातारा कुत्रा असतो, आणि समोरची पोरगी पडद्यावरचा आकडा वाचून दाखवते.

“अहो, झोपलाय तो,” ऋजुता म्हणाली. “पडदा सोडा आणि खाली बघा जरा.”

डांबऱ्या खरंच फरशीवर पसरला होता. काळाकुळकुळीत गावठी कुत्रा, एक कान फाटका, जीभ बाहेर. त्याला पाहून कुणालाही भीती वाटली नसती. पण त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर लाल दिवा लागला होता.

“गोड आहे तो, मॅडम. पण चाळीसच्या खाली आम्ही खोली देऊ शकत नाही. आणि ही याची दुसरी लाल नोंद आहे. सकाळी नगरच्या चार्जिंग स्टेशनवर एक झालीय. आठवड्यात तिसरी झाली की नगरपालिकेची गाडी येते आणि कुत्रा दहा दिवस निरीक्षणाला...”

“माहितीये मला!”

“मॅडम, तुम्ही जरा शांत झालात तर...”

ऋजुताने दात आवळले. तिला नियम सांगत होती ही कालची पोरगी! ज्या आकड्याने डांबऱ्याला दारात अडवलं होतं, त्या आकड्याचं सूत्र ऋजुता धुमाळने मांडलं होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं घासून तिने तो पट्टा तयार केला होता, आणि त्या आकड्याला ‘शमांक’ हे नावही तिनेच दिलं होतं.

तेव्हा त्या कामाचा तिला केवढा अभिमान होता. कुत्र्याला घेऊन प्रवास करणं म्हणजे पूर्वी चोरीचा मामला. लॉजवाले दारातूनच हाकलायचे. ढाब्यावर कुत्रा गाडीत कोंडून माणसांनी घाईघाईने घास गिळायचे. ऋजुताचा पट्टा आला आणि चित्र पालटलं. पट्टा कुत्र्याच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतो, श्वास मोजतो, कातडीचा ओलावा मोजतो. घाबरलेल्या, बिथरलेल्या कुत्र्याचे ठोके एका विशिष्ट पद्धतीने आवळले जातात, आणि अशा कुत्र्याकडून चावा बसण्याचा संभव जास्त. सगळ्याचा मिळून एक आकडा, शून्य ते शंभर. साठच्या वर असाल तर या, बसा. चाळीसच्या खाली असाल तर दार बंद. हॉटेलांची भीती गेली, विमा कंपन्या खूश झाल्या, सरकारने नियम केला, आणि चार वर्षांत राज्यभर दारादारांवर हिरवा पंजा उमटला. हिरवा पंजा म्हणजे इथे कुत्र्यांचं स्वागत आहे.

आता त्याच हिरव्या पंजाखाली ती भीक मागत उभी होती.

प्रसंगही असा की थांबून चालणार नव्हतं. डांबऱ्या तिचा नव्हताच, अण्णांचा होता. अण्णा म्हणजे तिचे वडील, यशवंत धुमाळ, साताऱ्याच्या एसटी वर्कशॉपमधले निवृत्त फोरमन, वय एक्क्याऐंशी. मार्चमध्ये ते मोरीत पडले. ऋजुता तेव्हा जर्मनीत होती, हाच पट्टा तिकडच्या लोकांना समजावून देत. अमरावतीच्या मंदारदादाने येऊन अण्णांना आपल्याकडे नेलं, आणि मेच्या शेवटी चिखलदऱ्याच्या एका वृद्धनिवासात ठेवून दिलं. डांबऱ्याला शेजारच्या शिंदेकाकूंच्या अंगणात बांधलं. ऋजुताला हे सगळं परत आल्यावर कळलं. आणि परवा दादाचा फोन आला होता, “अण्णा जेवण घेत नाहीयेत गं. दिवसभर पडून असतात. डॉक्टर म्हणतात, फार दिवस असं चालणार नाही. मध्ये मध्ये कुत्र्याचं नाव घेतात.”

म्हणून ती निघाली होती. अण्णा घास घेतील तर डांबऱ्याला पाहूनच, एवढाच तिचा हिशोब होता. आणि तिसरी लाल नोंद झाली तर डांबऱ्या दहा दिवस पिंजऱ्यात. अण्णांकडे दहा दिवस नव्हते.

“निदान बाथरूम वापरू द्याल?” तिने विचारलं.

“हो मॅडम, जा ना. मी धरते याला.” मुलीने काउंटरमागून येऊन दोरी हातात घेतली. तिच्या छातीवरच्या पाटीवर पल्लवी असं नाव होतं.

ऋजुता पाच मिनिटांनी तोंड धुऊन बाहेर आली, तेव्हा भिंतीवरच्या पडद्यावर डांबऱ्याचा शमांक चौऱ्याऐंशी होता.

ती जागीच थबकली. पल्लवी गुडघ्यावर बसून डांबऱ्याचा फाटका कान खाजवत काहीतरी गुणगुणत होती. ऋजुता चार पावलं पुढे आली. डांबऱ्याने नाक उचललं. पडद्यावर एक्क्याऐंशी झाले. आणखी चार पावलं आणि बासष्ट. तिने दोरी हातात घेतली तेव्हा त्रेचाळीस झाले होते, आणि कुत्रा तिच्याकडे बघून आनंदाने शेपटी हलवत होता.

“अरे देवा,” ऋजुता पुटपुटली.

ती डांबऱ्याला ओढतच बाहेर घेऊन गेली आणि गाडीच्या पायरीवर बसली. तिला हणमंतमामा आठवले होते.

हणमंतमामा फलटणच्या दूध डेअरीत आयुष्य काढलेले, नंतर प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलेले. जनावराला हात लावला की जनावर निवायचं. पट्ट्याची परीक्षा सहाशे कुत्र्यांवर झाली, आणि सहाशेच्या सहाशे कुत्री मामांनीच धरली. कारण मामा असले की कामं झटपट उरकत, कुणाला चावा बसत नसे, आणि सगळ्यांना संध्याकाळी वेळेवर घरी जाता येई. एकदा मामा गावच्या जत्रेला चार दिवस गेले. त्या चार दिवसांत बाकीच्यांनी कुत्री धरली आणि आकडे सैरभैर झाले. त्याच कुत्र्यांचा आकडा एकाकडे ऐंशी, तर दुसऱ्याकडे तीस. मग काय केलं सगळ्यांनी? “खराब दिवस” असा शेरा मारून ते चार दिवस कागदावरून काढून टाकले. त्या शेऱ्याखाली सही होती ऋजुता धुमाळची.

साधी गोष्ट होती. चिडलेल्या किंवा धास्तावलेल्या माणसाच्या घामाचा आणि श्वासाचा वास बदलतो. माणसाला तो कळत नाही, कुत्र्याला पहिल्या श्वासात कळतो, आणि आपल्या माणसाचं काय बिनसलंय म्हणून त्याचं काळीजही धडधडायला लागतं. तो चावणार नसतो. तो फक्त सोबत करत असतो. पट्टा कुत्र्याला मोजत होताच, पण दोरीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसालाही मोजत होता. सहाशे वेळा त्या टोकाला मामाच होते, म्हणून ते कधी दिसलंच नाही. आणि ज्या चार दिवसांत दिसलं, ते दिवस तिने केराच्या टोपलीत टाकले.

तिने पट्टा बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुख कौस्तुभ करंदीकर याला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

“हं,” कौस्तुभ म्हणाला. “मालकाचा प्रभाव. कळलंय आम्हाला ते.”

“कळलंय? कधी?”

“झालं की दीड वर्ष. तू तिकडे त्या जर्मन लोकांत होतीस. म्हटलं, तुला कशाला त्रास.”

“आणि दुरुस्त नाही केलंत?”

“दुरुस्त काय करायचं त्यात?” कौस्तुभचा आवाज दही खाल्ल्यासारखा थंड होता. “हॉटेलवाल्यांना हेच हवंय, ऋजुता. भांडखोर गिऱ्हाईक दारातच गळतं, तेही कुत्र्याच्या नावावर. कुणाला दोष देता येत नाही. शिवाय विचार कर, माणसाला यंत्र बांधायचं तर त्याची परवानगी लागते. कुत्र्याला कोण विचारतंय? माणूस मोजायचं इतकं स्वस्त साधन जगात दुसरं नाही. आपण आता त्याच अंगाने वाढवतोय धंदा. शाळा, दवाखाने...”

“हलकट आहेस तू, कौस्तुभ.”

“तू शांत हो आधी. मग बोलू.”

तिने फोन सीटवर आपटला. डांबऱ्याने तिच्या मांडीवर हनुवटी ठेवली. त्याच्या गळ्यातला दिवा लालभडक होता. पंजाच्या दाराबाहेर त्याची नोंद होत नव्हती, एवढंच.

ती रात्र दोघांनी गाडीतच काढली, पेट्रोल पंपाच्या आवारात. कुठल्याही हिरव्या पंजाकडे पुन्हा जायची तिची छाती नव्हती. गंमत बघा, सगळ्या राज्यात कुत्र्यांसाठी दारं उघडून दिली म्हणून जिचा सत्कार झाला होता, तिला डोकं टेकायला एक दार उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास गाडी परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला पोहोचली. वृद्धनिवास ऐटबाज होता, उतरत्या छपरांचा, कॉफीच्या झाडांमध्ये बांधलेला. फाटकावर पंजा होताच. आणि फाटकाबाहेर मंदारदादा उभा होता, इस्त्रीच्या शर्टात.

“दमलीस ना?” तो म्हणाला.

“दोरी धर,” ऋजुता म्हणाली. “मी जवळ असले तर हा आत येणार नाही. का ते विचारू नकोस. धर आणि चाल पुढे.”

दादाने दोरी धरली. फाटकावर शहाऐंशी आले. दादा असाच होता लहानपणापासून. आई गेली तेव्हाही त्याने शांतपणे मंडपवाल्याला फोन केला होता. त्याचं काळीज ढवळत नसे, की ढवळलेलं तो कुणाला दिसू देत नसे, हे ऋजुताला कधीच कळलं नव्हतं. ती त्यांच्या मागे वीस पावलं अंतर ठेवून चालली, वारा आपल्याकडून त्यांच्याकडे जाणार नाही अशा बेताने. आपल्याच बापाला भेटायला आपणच असं चोरासारखं जायचं! तिचे कान तापले होते.

अण्णांची खोली कोपऱ्यात होती. ते खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते, म्हणजे त्यांना बसवलं होतं. दाढी गुळगुळीत, केस चोपून बसवलेले, डोळे अर्धे मिटलेले. दादाने दोरी सोडली. डांबऱ्या धावत गेला, अण्णांच्या पायांना नाक लावलं, हात हुंगले, मांडी हुंगली. मग तो थांबला. पुन्हा एकदा हुंगलं. अण्णांचा हात हलला नाही. डांबऱ्या एक पाऊल मागे सरला आणि अनोळखी घरी बसावं तसा जमिनीवर बसून राहिला.

पट्ट्यावर हिरवा दिवा लागला. सत्त्याण्णव. डांबऱ्याचा इतका आकडा ऋजुताने कधी पाहिला नव्हता.

“बघ,” दादा कुजबुजला. “किती शांत आहेत दोघं.”

“यांना काय दिलंय?” दारातूनच ऋजुताने विचारलं.

“गोळी आहे. साधी आहे गं. पहिले आठ दिवस त्यांनी ताट फेकलं, नर्सला शिव्या दिल्या. इथे फेरीला कुत्री येतात रोज, पट्टे घातलेली, लाल नोंदीतून सूट असलेली. ज्या म्हाताऱ्याजवळ कुत्र्याचा आकडा पडतो, तो अस्वस्थ आहे असं धरतात. नवी पद्धत आहे, तुमच्याच कंपनीची. अण्णांजवळ आलं की प्रत्येक कुत्र्याचा आकडा वीसवर. मग गोळी वाढवत नेली. आता नव्वदच्या खाली जात नाही कधी.”

“म्हणून जेवत नाहीत ते! शुद्धीवर कुठे आहेत जेवायला?”

“ऋजू, हळू बोल.”

“नाही बोलणार हळू!” आणि दारापासून खुर्चीपर्यंतचं अंतर तिने दोन ढांगांत संपवलं. “माणूस आहे तो, दादा! बेसिन नाही घासूनपुसून ठेवायला! त्याने आयुष्यभर आरडाओरडा करून शंभर मेकॅनिकांकडून काम करून घेतलंय. तो ओरडतो म्हणजे जिवंत आहे. आणि तू त्याला बंद करून टाकलंस, कुत्र्याचे आकडे बघून?”

“आणि तू कुठे होतीस?” दादाचाही आवाज पहिल्यांदाच चढला. “दोन महिने मी एकटा होतो. दोन बायका काम सोडून पळाल्या. रात्रंदिवस ओरडणं. फोन केला की तुझं आपलं एकच, मीटिंगमध्ये आहे. तुझाच पट्टा आहे ना हा? मग माझ्यावर कशाला ओरडतेस?”

हे तिच्या वर्मी लागलं. ती आणखीच पेटली. कुणावर ते तिचं तिलाही कळत नव्हतं. भावावर, कौस्तुभवर, त्या चार खराब दिवसांवर, त्याखालच्या सहीवर. डांबऱ्या उठून उभा राहिला होता आणि पट्ट्यावरचा आकडा कोसळत होता. सत्तर. एकेचाळीस. बावीस. खोलीत घंटा वाजायला लागली. तिसरी लाल नोंद.

“ताई, शांत व्हा,” धावत आलेली परिचारिका म्हणाली. “कुत्र्याला बाहेर काढावं लागेल. ऑफिसने नगरपालिकेची गाडी बोलावलीय.”

“कुणाच्या नावानं शिमगा चाललाय रं?”

आवाज जड होता, जिभेवर ओझं ठेवल्यासारखा, पण आवाज अण्णांचा होता. त्यांनी मान वळवायला वेळ घेतला. डांबऱ्या एव्हाना त्यांच्या मांडीवर पुढचे दोन्ही पाय टाकून उभा होता, कूं कूं करत, अंगभर थरथरत. अण्णांनी त्याचा फाटका कान बोटांत धरला.

“ही घंटा बंद करा,” अण्णा म्हणाले. “आन् कुत्र्याला कुनी हात लावला तर बघा.”

“अण्णा,” ऋजुता गुडघ्यावर बसली, “घरी यायचंय?”

“मग? हितं काय लगीन हाय माझं?”

परिचारिका डॉक्टरांना बोलवायला गेली. मंदारदादा भिंतीला टेकून उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते. “कुठे नेणार आहेस?” तो म्हणाला. “सातशे किलोमीटर जायचंय. तुम्हा तिघांना एकही हॉटेल उभं करणार नाही.”

“नको करू देत.” ऋजुताने डांबऱ्याच्या गळ्यातला पट्टा काढला आणि दादाच्या हातात दिला. “हा तू घाल. तुझा आकडा छान येतो.”

हे बोलायला नको होतं, हे तिला दारातच कळलं. पण दादाने पट्टा खिशात टाकला, अण्णांची खुर्ची गाडीपर्यंत ढकलत नेली, आणि डॉक्टर हातात कागद घेऊन धावत आले तेव्हा म्हणाला, “सही मी करतो. जाऊ दे त्यांना.” नगरपालिकेची गाडी यायच्या आत ऋजुताने आपली गाडी सुरू केली, तेव्हा खिडकीत वाकून तो तिला म्हणाला, “पोहोचलीस की फोन कर. ओरडायला का होईना, कर.”

अण्णा अकोट येईपर्यंत झोपले. तिथे रस्त्याकडेला एका टपरीवर, जिथे कुठलाही पंजा रंगवलेला नव्हता आणि बाकाखाली आधीच तीन कुत्री लोळत होती, ऋजुताने त्यांना उठवून पोहे दिले. अण्णांनी चार घास खाल्ले. पाचवा डांबऱ्याला दिला. मग पुन्हा चार खाल्ले आणि पोह्यांत मीठ कमी आहे म्हणून टपरीवाल्याला फैलावर घेतलं. टपरीवाला हसून मीठ आणायला गेला.

“कुनी काढलं गं हे खूळ?” अण्णांनी मध्येच विचारलं. “कुत्र्याला हुंगाय लावून मानसाला गोळ्या घालायचं?”

ऋजुता गप्प राहिली असती तरी चाललं असतं. औषध उतरलेलं नव्हतं, त्यांच्या लक्षातही राहिलं नसतं कदाचित.

“मी, अण्णा,” ती म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं. हणमंतमामा, सहाशे कुत्री, जत्रेचे चार दिवस, शेरा, सही.

अण्णांनी ताटली बाकावर ठेवली. मग म्हणाले, “म्हंजे खरं काय ते त्या चार दिवसांतच निघालं हुतं.”

“हो.”

“आन् ते तू टाकून दिलंस.”

“हो.”

“वर्कशॉपात येखाद्या गाडीचा ब्रेक चार दिवस लागला नसता, आन् मी तो कागद फाडून गाडी मार्गावर सोडली असती, तर?”

“माणसं मेली असती.”

“मग?” अण्णांनी बाकावर मूठ आपटली. त्या मुठीत फार जोर नव्हता, पण ताटली उडाली. “शिकून काय केलंस गं भवाने? ह्याच्यासाठी घातलं तुला इंजिनेरिंगला?”

ते ओरडत राहिले, थांबत, शब्द शोधत, दम खात. वर्कशॉपमधल्या सगळ्या शिव्या त्यांनी तिच्यावर मोकळ्या केल्या. टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. डांबऱ्या दोघांच्या पायांमध्ये बसून कधी तिच्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होता. ऋजुताच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसावंसं वाटत नव्हतं.

“उद्या घरी गेले की सगळं लिहून जाहीर करते, अण्णा,” ती शेवटी म्हणाली.

“उद्या का? आज काय हात मोडल्यात?”

तिने गाडीतून लॅपटॉप आणला आणि बाकावर उघडला. काय लिहायचं ते तिला पाठ होतं, पण सुरुवात जमेना. ‘शमांकाच्या मूळ चाचणीत एक त्रुटी राहून गेली होती,’ असं तिने लिहिलं आणि अण्णांना वाचून दाखवलं.

“राहून गेली?” अण्णा कडाडले. “आपोआप राहिली व्हय ती? नाव घाल. पैल्यांदा तुझं नाव घाल!”

तिने ती ओळ खोडली आणि नव्याने लिहायला घेतलं. ‘मी, ऋजुता यशवंत धुमाळ.’